नवा संगणक, जुन्या फाइली आणि आतला जुळारी

वाईहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांचा छापखाना आता त्या सांभाळतात. जुळणीचा संगणक विंडोज एक्सपीवरचा, त्यात पाने लावायचे पेजमेकर ७, जुने मराठी फॉन्ट आणि मागे खोचलेला डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली. संगणक आता कधी सुरू होतो, कधी होत नाही. लेखक फोनवरून मराठी मजकूर पाठवतात, तो पेजमेकरात टाकला की नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून त्यांनी विंडोज ११ चा लॅपटॉप आणला, जुने फॉन्ट त्यावर बसवले, तर जुना मजकूर इंग्रजी अक्षरांचा चुरा झालेला दिसतो. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा, ग्राफिक कार्ड टाका. काय घ्यावे, कुठले सॉफ्टवेअर, कुठला फॉन्ट, आणि वीस वर्षांच्या फाइलींचे काय करावे?

ताई, रॅमवर आणखी पैसे घालू नका. तुमची अडचण यंत्राच्या ताकदीची नाही. मी पुण्यात तीसेक वर्षे अक्षरजुळणी करतो आहे. या काळात टेबलावरचे संगणक कितीतरी वेळा बदलले आणि प्रत्येक बदलाच्या वेळी हाच गोंधळ समोर आला. मराठी फॉन्टाला यंत्र फारसे लागत नाही, त्याला जुळारी लागतो.

जुळारी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण वडिलांनी शिशाच्या खिळ्यांचे दिवस पाहिले असतील तर त्यांना तो लगेच कळेल. केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, कुठला अर्धा खिळा उचलायचा, रफार कुठे बसवायचा, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे कशी लावायची, हे खिळ्याला ठाऊक नसायचे, जुळाऱ्याला ठाऊक असायचे. संगणकातही हीच विभागणी आहे. फॉन्ट म्हणजे खिळ्यांची केस. जुळारी म्हणजे एक वेगळा प्रोग्राम, जो विंडोजच्या किंवा मॅकच्या पोटात असतो, नाहीतर ते सॉफ्टवेअर स्वतःचा घेऊन येते. विंडोजच्या जुन्या जुळाऱ्याचे नाव युनिस्क्राइब, ॲपलचा कोअर टेक्स्ट, आणि आज क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, अँड्रॉइड या सगळ्यांत काम करतो तो हार्फबझ. हा जुळारी जागेवर नसेल तर कितीही सुंदर फॉन्ट बसवा, ‘कि’ लिहिल्यावर क आणि त्याच्या पुढे सुटी पडलेली वेलांटीच दिसेल, आणि ‘पद्म’मधला हलन्त उघडा पडेल.

आता तुमच्या जुन्या फॉन्टांकडे या. त्यांच्या काळात संगणकात मराठी जुळारी नव्हताच. कळफलकावर बसलेला माणूस, किंवा फॉन्टाबरोबर येणारा कळफलकाचा छोटा प्रोग्राम, तोच जुळारी. फॉन्टात २५६ जागा, त्याही सगळ्या वापरता येत नसत. द्विभाषी फॉन्ट असेल तर खालचा अर्धा भाग इंग्रजीला द्यावा लागे. उरलेल्या जागांत अर्धी अक्षरे, काने, मात्रा, रफार असे तुकडे कोंबलेले असत. म्हणजे फाइलमध्ये मराठी असे काही साठतच नव्हते. साठत होते इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि त्यांच्यावर मराठी तुकड्यांचा मुखवटा चढवलेला असे. हिंदी पट्ट्यात जास्त चालणारा कृतिदेव घ्या. त्यात ‘कमल’ लिहिले की फाइलमध्ये साठते डी, ई, वाय. ‘किती’ लिहिले की एफ, डी, आर, एच. यातला एफ म्हणजे पहिली वेलांटी, आणि ती क च्या आधी साठते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. फॉन्ट काढून घेतला की डी-ई-वाय उरते. तुमच्या लॅपटॉपवर दिसणारा चुरा तो हाच. श्रीलिपीचा, आकृतीचा, शिवाजीचा, सीडॅकच्या सुरेख-योगेशचा तक्ता, म्हणजे कुठल्या क्रमांकाला कुठला तुकडा याची यादी, वेगळा, प्रत्येकाचा आपापला. एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टात बदलला तर पान वाचता येत नाही, ते याच कारणाने.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारे मानक, त्यात उलट आहे. देवनागरीला १२८ जागा राखून ठेवल्या आहेत आणि त्यांत तुकडे नाहीत, वर्ण आहेत. क म्हणजे क, मग फॉन्ट कुठलाही असो. ‘कि’ साठते ते क आणि मग वेलांटी, जसे आपण उच्चारतो तसे. वेलांटीला उचलून अलीकडे ठेवणे, र् चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, हे सगळे जुळाऱ्याचे काम. ही रचना आकाशातून पडली नाही. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक १९९१चे, त्याच्या आधीच्या १९८८च्या आवृत्तीवरून युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली. विंडोज २०००मध्ये मंगल हा फॉन्ट आला, तो आपल्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी रेखलेला. पण एक्सपीपर्यंत जटिल लिपींची, म्हणजे देवनागरीसारख्या जुळारी लागणाऱ्या लिपींची, सोय मूळ बसवणीत चालू नसे, ती सीडी घालून वेगळी चालू करावी लागे. कितीतरी कार्यालयांत ती कधी कोणी केलीच नाही आणि मराठी युनिकोड चालत नाही असा समज वर्षानुवर्षे टिकून राहिला.

पेजमेकरात प्रश्नचिन्हे का येतात हे आता स्पष्ट व्हावे. पेजमेकर ७ ही २००१ची शेवटची आवृत्ती. तिला युनिकोड माहीतच नाही, आत जुळारी असण्याचा प्रश्नच नाही. फोनवरून आलेल्या मजकुराचे क्रमांक तिच्या २५६च्या चौकटीत बसत नाहीत, म्हणून ती प्रश्नचिन्ह मांडून मोकळी होते. १२८ जीबी रॅम घातली तरी तेच होईल.

यंत्राचा विषय म्हणून मी लवकर संपवतो. साध्या कामाला, म्हणजे पत्रे, अहवाल, लग्नपत्रिका, ८ जीबी रॅम पुरते. इनडिझाइन या पाने लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन-चारशे पानांची पुस्तके लावायची तर १६ जीबी घ्या. डिस्क एसएसडीच हवी, ५१२ जीबी पुरे. वेगळे ग्राफिक कार्ड पुस्तकाच्या कामाला लागत नाही. ते पैसे २४ इंची चांगल्या पडद्यात घाला, कारण मराठीत अनुस्वार, नुक्ता, पाय मोडलेले अक्षर हे बारीक तपशील डोळ्यांनीच पकडायचे असतात आणि लॅपटॉपच्या लहान पडद्यावर ते निसटतात. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, जुन्या १६-बिट प्रोग्रामांना तिच्यात जागा नाही. तुमच्या डाँगलची तार समांतर पोर्टाची असेल तर नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही, आणि यूएसबी असेल तरी त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळतो का हे आधी विक्रेत्याला विचारा. एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ला थांबले आहे, म्हणून तो जुना संगणक इंटरनेटला जोडू नका.

लॅपटॉपवर पहिली गोष्ट ही करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. हिंदी नव्हे, मराठी. त्याबरोबर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक येतो, आणि २०१९च्या मे महिन्यातील विंडोज १०च्या आवृत्तीपासून उच्चाराप्रमाणे लिहायचा फोनेटिक कळफलकही आहे. हाताखाली जुळणीचे काम करणारी मुले असतील तर त्यांना इनस्क्रिप्टच शिकवा. पहिले तीन आठवडे त्रास होतो, पुढे आयुष्यभर वेग मिळतो, आणि कुठल्याही संगणकावर बसले तरी तोच कळफलक सापडतो. मंगल फॉन्ट विंडोज १०पासून मूळ बसवणीत नसतो, मराठी जोडल्यावर किंवा ऐच्छिक सुविधांतून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतल्यावर येतो. जुन्या सरकारी वर्ड फाइली उघडताना पानांची संख्या अचानक बदललेली दिसली तर बहुधा मंगल नाही आणि त्याच्या जागी निर्मला हा फॉन्ट आला आहे.

फॉन्ट बसवताना एक खोच आहे. विंडोज १०च्या २०१८च्या अखेरच्या आवृत्तीपासून साध्या दुहेरी क्लिकने बसवलेला फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. काही प्रोग्रामांना तो दिसत नाही, यादीत शोधत बसावे लागते. फॉन्टावर उजवी क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ बसवा. आणि सीडीवरचे दोन-तीन हजार फॉन्ट एकदम ओतू नका. यंत्र रखडते ते यामुळे, आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्या बसल्या तर कुठली वापरली जाते ते कळत नाही. जुन्यांपैकी पोस्टस्क्रिप्टचे टाइप-१ फॉन्ट असतील तर त्यांचा नाद सोडा, ॲडोबीने जानेवारी २०२३मध्ये त्यांचा आधार काढून घेतला आहे.

आता सॉफ्टवेअर. वर्डमध्ये माझ्याकडे येणारी सर्वांत जास्त तक्रार ही की फॉन्ट निवडला तरी मराठी बदलत नाही, आकडा १४ केला तरी अक्षर लहानच. वर्ड देवनागरीला जटिल लिपी धरतो आणि तिच्यासाठी फॉन्ट व आकार वेगळे ठेवतो. कंट्रोल-डी दाबा, त्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा भाग आहे, तिथे फॉन्ट आणि आकार द्या. शैलीमध्येच (स्टाइलमध्ये) एकदा दिले की सुटका होते. ओळींचे अंतर ‘नेमके’ असे ठेवू नका, वरची मात्रा आणि खालचा उकार छाटला जातो. लिबरऑफिसमध्येही जटिल लिपीचा वेगळा रकाना आहे, पण भाषेच्या सेटिंगमध्ये तो आधी चालू करावा लागतो. २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिसने सगळीकडे हार्फबझ घेतला, त्याच्या आधीची आवृत्ती कुठे चालू असेल तर बदला.

इनडिझाइनमध्ये सगळा खेळ कंपोझर नावाच्या एका खुंटीवर आहे. परिच्छेद-शैलीत जस्टिफिकेशनच्या विभागात ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. तो नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि माणूस फॉन्टाला दोष देतो. आमच्याकडे मुले बाहेरच्या फाइलीतून शैली कॉपी करतात तेव्हा त्यांच्याबरोबर जुना कंपोझर येतो आणि पुस्तकाचे एखादेच प्रकरण बिघडते. म्हणून पान लावून झाले की मी सगळ्या शैली एकदा उघडून बघतो. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिपींचा पर्याय शोधून चालू करा. कोरलड्रॉमध्ये जटिल लिपींची सोय २०१२च्या एक्स-६पासून आहे. गावोगावच्या फ्लेक्सवाल्यांकडे अजून एक्स-३ किंवा त्याच्याही आधीचे दिसते, त्यांना युनिकोड फाइल देऊन उपयोग नाही, त्यांना कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे रेषाचित्र करून द्या. पैसे खर्चायचे नसतील तर स्क्रायबस आहे. त्याच्या १.४ मालिकेत मराठी तुटायची, जानेवारी २०२४मध्ये आलेल्या १.६मध्ये ती नीट जुळते. मी त्यात एक छोटी कवितांची पुस्तिका लावून पाहिली आहे, काम होते. मोठ्या पुस्तकाला तळटीपा आणि सूची लागतात, तिथे मी अजून इनडिझाइनच धरतो.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे तो. देवनागरी चालते म्हणजे मराठी चालते असे नाही. बहुतेक सॉफ्टवेअरची चाचणी हिंदीवर होते आणि मराठीच्या चार गोष्टी तिथेच गळतात.

पहिली गोष्ट म्हणजे ल आणि श. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, हिंदीत दांडीचा ल आणि गाठीचा श. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली आहेत. चांगल्या फॉन्टात दोन्ही रूपे असतात, पण मराठी रूप कधी दाखवायचे हे जुळाऱ्याला मजकुराच्या भाषेवरून कळते. म्हणून वर्डमध्ये, इनडिझाइनमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा. वेबवर पानाला मराठीचा भाषा-संकेत द्यायला सांगा. भाषा हिंदी राहिली तर तोच फॉन्ट हिंदी रूपे दाखवेल आणि तुम्हाला वाटेल फॉन्ट बदलला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये भाषेची नोंद पुढे पोचतच नाही तिथे ज्याची मूळ रूपेच मराठी आहेत असा फॉन्ट घ्या. टिरो देवनागरी हा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृत असा तीन स्वतंत्र रूपांत मिळतो तो याच सोयीसाठी.

दुसरी गोष्ट ॲ. ‘ॲड.’, ‘ॲप’ यांतले हे अक्षर युनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोकांनी ऍ वापरले, किंवा अ च्या पुढे चंद्र टाकून वेळ मारून नेली. तिन्ही आज चलनात आहेत. डोळ्यांना थोडेसे वेगळे दिसतात, संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द आहेत. सूची करताना एकाच वकिलाचे नाव तीन जागी विखुरते. पुस्तक लावायला घेण्याआधी शोधा-बदला करून सगळीकडे ॲ करून घ्या. पण जुन्या फॉन्टात ॲ नसतो, तिथे रिकामा चौकोन दिसतो. तसेच ₹ हे चिन्ह २०१०चे, त्याच्या आधीच्या कुठल्याही फॉन्टात ते मिळणार नाही.

तिसरी गोष्ट ऱ्या-ऱ्ह मधला तो आडवा र, आणि इथे मी स्वतः पोळलो आहे. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना मजुरी दिली’ यांत फक्त र चा फरक आहे. पहिला रफार, दुसरा आडवा. युनिकोडमध्ये आडव्या र साठी ऱ, म्हणजे खाली नुक्ता असलेला र, आणि मग हलन्त लिहायचा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे आणि नंतर डी. हिंदीला हा र लागत नाही, म्हणून कितीतरी रूपांतराच्या प्रोग्रामांना तो माहीत नसतो. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या गडवाटांवरचे एक पुस्तक मी जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणले. रूपांतर नीट झाले असे समजून प्रूफ फक्त वरवर चाळले गेले. पहिला फॉर्मा छापून आला तेव्हा लेखकाने फोन केला. प्रत्येक ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला होता. डोंगराच्या पोटात समुद्र शिरला होता. सोळा पाने रद्द केली, कागदाचा खर्च मी भरला. त्या लेखकाने तीस वर्षे पायी फिरून ते लिहिले होते, त्याच्या आवाजातला खेद अजून आठवतो. तेव्हापासून रूपांतराच्या प्रोग्रामवर मी एका ओळीचाही आंधळा भरवसा ठेवत नाही.

चौथी गोष्ट सवयीची. जुन्या फॉन्टांत द्ध हे अक्षर सापडायला अवघड होते, काहींत नव्हतेच. म्हणून जुळणीवाल्यांनी ‘पद्धत’ ऐवजी ‘पध्दत’, ‘बुद्धी’ ऐवजी ‘बुध्दी’ असे लिहायचा प्रघात पाडला. छापल्यावर दोन्ही जवळपास सारखी दिसायची. युनिकोडमध्ये आणली की ती चूक जशीच्या तशी येते, आणि ‘पद्धत’ शोधले तर एकही सापडत नाही. वाङ्मयाचेही तेच, कुठे ‘वाड्मय’ तर कुठे ‘वाङमय’.

म्हणून मी एक चाचणीचा मजकूर करून ठेवला आहे. नवा फॉन्ट, नवे सॉफ्टवेअर, नवा छापखाना, काहीही नवे आले की आधी हे उमटवून बघतो: वऱ्हाडातल्या तऱ्हा, दऱ्या आणि दर्या, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, वाङ्मय, उद्धव, पद्धत, द्वंद्व, राष्ट्र, ट्रॅक्टर, क्लृप्ती, हृदय, ब्रह्म, बाह्य, त्र्यंबक, स्त्रिया, श्च आणि श्व, रु आणि रू, कॉफी, ॲड., ऑगस्ट, वर्षांपूर्वी, ₹ ५८९. यातले ‘वर्षांपूर्वी’ जरा निरखून बघा, एकाच अक्षरावर रफार आणि अनुस्वार दोन्ही आले की कमकुवत फॉन्टात ते एकमेकांवर चढतात. शेवटचे ५, ८, ९ हे आकडे मराठी आणि हिंदी वळणात वेगळे असतात म्हणून. हे सगळे पडद्यावर नीट दिसले की पीडीएफ करायची, ती दुसऱ्या संगणकावर आणि फोनवर उघडायची, कागदावर छापायची. चारही ठिकाणी सारखे आले तरच ते सॉफ्टवेअर मी कामाला घेतो.

फॉन्ट कुठले घ्यावेत, तर फुकट आणि कायदेशीर असे आज भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त अंगकाठीने साधा आहे, सात वजनांत मिळतो, अहवाल आणि शाळेच्या कामाला उत्तम. पुस्तकाच्या मजकुराला मला टिरो देवनागरी मराठी आवडतो, त्याला जुन्या छापखान्याच्या खिळ्याचे वळण आहे. पण त्यात ठळक रूप नाही. ठळकचे बटण दाबले तर सॉफ्टवेअर अक्षराला खोटी जाडी देते आणि छपाईच्या प्लेटवर अक्षरांच्या पोटातल्या जागा बुजतात, म्हणून शीर्षकाला वेगळा फॉन्ट घ्या. संस्कृत श्लोक आणि जुने पाठ असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिका, त्यात दुर्मीळ जोडाक्षरे आहेत. नोटो सेरिफ देवनागरीही सुरक्षित. हे चारही मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक छपाईला आणि पीडीएफमध्ये अंतर्भूत करायला परवानगी आहे. विकत घेतलेल्या फॉन्टाचा परवाना मात्र वाचा, कारण किती संगणकांवर चालेल, वेबवर वापरता येईल का, हे त्यात लिहिलेले असते. वजन सरकवता येणारे व्हेरिएबल फॉन्ट अजून सगळीकडे चालत नाहीत, छापील कामाला साधी, प्रत्येक वजनाची वेगळी फाइल घ्या.

आता तुमच्या वीस वर्षांच्या फाइली. नव्या लॅपटॉपचे काहीही करण्याआधी हे करा, कारण जुना संगणक एक दिवस सुरू होणार नाही आणि मग दारे बंद होतील. पेजमेकरची फाइल थेट उघडणारे इनडिझाइन सीएस-६पर्यंतच होते, पुढच्या क्लाउडच्या आवृत्त्यांनी ती सोय काढली. म्हणून जुन्या यंत्रावरच तीन गोष्टी काढून घ्या. प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ, म्हणजे छापील रूप हातात राहील आणि प्रूफ ताडून बघता येईल. प्रत्येक मजकुराची आरटीएफ, म्हणजे फॉन्टांची नावे सांभाळणारी मजकुराची फाइल. आणि वापरलेल्या फॉन्टांच्या मूळ फाइली, पुस्तकाच्या फोल्डरमध्येच.

आरटीएफच काढा, नुसता टेक्स्ट नव्हे. यावर मी जोर देतो, कारण इथे लोक कायमचे नुकसान करून घेतात. जुन्या फाइलीत इंग्रजी शब्द आणि मराठी शब्द दोन्ही इंग्रजीच्याच क्रमांकांत असू शकतात. कुठला मराठी हे फक्त फॉन्टाच्या नावावरून कळते. नुसत्या टेक्स्टमध्ये फॉन्टाची नावे पुसली जातात, मग रूपांतर करणाऱ्याला ‘डी-ई-वाय’ म्हणजे कमल की खरोखरचा इंग्रजी शब्द हे ओळखायला वाटच उरत नाही. आरटीएफ वर्डमध्ये उघडण्याआधी तिथली आपोआप दुरुस्ती पूर्ण बंद करा. वर्ड वाक्याच्या सुरुवातीचे अक्षर मोठे करतो, सरळ अवतरण चिन्हे वळवतो. इंग्रजीला ते ठीक, पण इथे प्रत्येक क्रमांक म्हणजे मराठीचा एक तुकडा, तो बदलला की अक्षरच बदलते.

रूपांतरासाठी फॉन्टाचे नाव नेमके कळवा, नुसते ‘जुना मराठी फॉन्ट’ म्हणून चालत नाही, एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे तक्ते वेगळे असतात. आधी दहा पानांचे रूपांतर करा आणि पीडीएफशी अक्षर न् अक्षर ताडा. ज्या चुका दिसतील त्या एकाच साच्याच्या असतात, त्यांची यादी करून शोधा-बदला लावता येते. फक्त आडवा र आणि रफार यांचे निवाडे यंत्रावर सोडू नका, तिथे वाक्य वाचणारा माणूस लागतो. सगळीच पुस्तके बदलायची गरजही नाही. ज्यांची पुढची आवृत्ती निघणार आहे ती आधी, बाकीची पीडीएफमध्ये राहू द्या.

रूपांतर पुरे होईपर्यंत जुनी मांडणी जिवंत ठेवायची असेल तर नव्या लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या, म्हणजे संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आत एक्सपी चालवता येते, परवाना असलेली सीडी तुमच्याकडे असेल तर. यूएसबी डाँगल आतल्या एक्सपीला जोडून देता येतो. त्या आतल्या यंत्राचे नेटवर्क बंद ठेवा आणि फाइली एका सामाईक फोल्डरमधून ने-आण करा. माझ्याकडे असे एक आहे, महिन्यातून एखाद-दोनदा उघडतो.

प्रेसला देताना शेवटची खबरदारी. वर्डची फाइल कधीच देऊ नका, त्यांच्याकडे तो फॉन्ट नसेल तर ओळी सरकतात. पीडीएफ द्या आणि ॲक्रोबॅटमध्ये फाइलच्या गुणधर्मांत जाऊन प्रत्येक फॉन्टापुढे तो अंतर्भूत असल्याची नोंद आहे का ते बघा. मुखपृष्ठ कर्व्ह करून दिले तर हरकत नाही, आतला मजकूर कर्व्ह करू नका, शेवटच्या क्षणी एक अनुस्वार दुरुस्त करायचा झाला तरी हात बांधले जातात. पीडीएफमधून मराठी कॉपी करून दुसरीकडे टाकली तर कधी कधी अक्षरे विस्कटतात, त्यामुळे पीडीएफ हा मजकुराचा साठा समजू नका. मूळ इनडिझाइनची फाइल ‘पॅकेज’ करून, फॉन्टांसकट, दोन डिस्कवर ठेवा.

तुमच्या संगणकाच्या मागची धूळ साफ करून आणि वीजपुरवठ्याचा डबा बदलून तो बहुतेक वेळा आणखी काही महिने चालतो, तेवढा खर्च करा. आज संध्याकाळी तो सुरू झाला तर सर्वांत आधी ज्या पुस्तकाची आवृत्ती या दिवाळीला निघायची आहे त्याची आरटीएफ काढा, आणि त्यातले एक पान, त्याची पीडीएफ आणि फॉन्टाचे नाव एवढे माझ्याकडे पाठवा. तक्ता कुठला लागतो ते मी बघून सांगतो.